तिकिटांच्या भांडणातून उभं राहिलेलं स्टेडियम

17 ऑक्टोबर 2007 ला वानखेडेवर मुरली कार्तिकनं ऑस्ट्रेलियाचे सहा गडी अवघ्या 27 धावांत टिपले. नंतर भारताचे आठ गडी बाद झाले तेव्हा झहीर खानच्या साथीनं त्यानंच सामना जिंकूनही दिला. जुन्या वानखेडे स्टेडियमवरचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. पुढच्या उन्हाळ्यात आयपीएलच्या पहिल्या हंगामाचे दोन्ही उपांत्य सामने, 30 आणि 31 मे 2008 रोजी, तिथंच झाले. मग तोडकामाची यंत्रं आत शिरली. उत्तर आणि दक्षिण बाजूचे स्टँड पाडून नव्यानं बांधायचे ठरले होते. 2011 चा विश्वचषक दारात होता आणि त्याचा अंतिम सामना मुंबईला मिळाला होता.

पाडल्या गेलेल्या त्या काँक्रीटचं वय जेमतेम 33 वर्षांचं होतं. चर्चगेट स्टेशनच्या पलीकडे, चालत काही मिनिटांवर असलेलं ब्रेबर्न स्टेडियम 1937 सालचं, आणि ते आजही उभं आहे. वानखेडे इतक्या लवकर का पाडावं लागलं, हे समजून घ्यायचं तर ते मुळात का बांधलं गेलं तिथपासून सुरुवात करावी लागते. ती कथा तिकिटांची आहे.

मुंबई क्रिकेट असोसिएशनची स्थापना 1930 सालची. शहरातले क्लब, त्यांच्या स्पर्धा, रणजी करंडकासाठीचा मुंबईचा संघ हे सगळं या संस्थेच्या अखत्यारीत. ऐन पावसाळ्यात चिखलाच्या खेळपट्ट्यांवर खेळली जाणारी कांगा लीग 1948 पासून सुरू झाली आणि मुंबईच्या फलंदाजांची कितीतरी तंत्रं त्या ओल्या मातीत घडली. 1958-59 ते 1972-73 अशी सलग 15 वर्षं रणजी करंडक मुंबईनं दुसऱ्या कुणाला मिळू दिला नाही. भारतीय क्रिकेटमध्ये असा विक्रम पुन्हा झालेला नाही. पण एवढ्या थोर संस्थेकडे स्वतःचं मैदान नव्हतं. कसोटी सामने ब्रेबर्नवर व्हायचे आणि ब्रेबर्न होतं क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे सीसीआयचं. हा सभासदांचा क्लब 1933 मध्ये स्थापन झालेला. सामना भरवायचा असोसिएशननं, जागा क्लबची, आणि तिकिटं किती कुणाला द्यायची यावरून दर मोसमात वाद.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सीसीआयच्या बाजूनं विजय मर्चंट होते आणि असोसिएशनच्या बाजूनं बॅरिस्टर शेषराव कृष्णराव वानखेडे. मर्चंट हे मुंबईच्या फलंदाजीचं मूर्तिमंत शास्त्र, शिस्तीचे पक्के. वानखेडे मूळचे विदर्भातले, राज्याचे माजी अर्थमंत्री, 1972 पासून विधानसभेचे अध्यक्ष, आणि क्रिकेटच्या कारभारात मुरलेले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, हे आज इतक्या वर्षांनी मोकळेपणानं म्हणायला हरकत नाही. क्लबनं स्वतःच्या पैशानं स्टेडियम बांधलं आणि राखलं, त्यामुळे सभासदांचा हक्क पहिला, ही एक बाजू. मैदानामैदानांवर घाम गाळून खेळाडू घडवतात ते असोसिएशनचे क्लब, मग त्यांच्या माणसांना कसोटी बघायला जागा नको का, ही दुसरी. वानखेड्यांनी भांडण पुढे वाढवलं नाही. ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर, चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मध्ये, पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या सरकारी जमिनीवर असोसिएशनचं स्वतःचं स्टेडियम उभं करायचं त्यांनी ठरवलं. वास्तुविशारद शशी प्रभू यांनी आराखडा केला आणि सुमारे 13 महिन्यांत बांधकाम उभं राहिलं.

जागा अडनिडी होती. एका अंगाला रेल्वे, आजूबाजूला इमारती, पलीकडे मरीन ड्राइव्ह आणि समुद्र. त्या एवढ्याशा जमिनीत 40 हजारांहून अधिक माणसं बसवायची म्हणजे स्टँड उंच आणि उभ्या चढाचे करणं भागच होतं. वानखेडेचा तो दाटलेला आवाज, गोलंदाज धावत निघाला की चारी बाजूंनी चढत जाणारा, तो या दाटीतूनच आला.

पहिली कसोटी जानेवारी 1975 मध्ये झाली, क्लाइव्ह लॉइडच्या वेस्ट इंडिजविरुद्ध. मालिका 2-2 अशी बरोबरीत होती. लॉइडनं नाबाद 242 धावा काढल्या. त्याचं द्विशतक झालं तेव्हा एक प्रेक्षक अभिनंदनाला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला मारहाण केली, आणि स्टँडमधली माणसं खवळली. दगड-बाटल्या आल्या, खेळ थांबवावा लागला. नव्या स्टेडियमची ही पहिली परीक्षा होती आणि ती सोपी गेली नाही. भारत 201 धावांनी हरला. मन्सूर अली खान पतौडींची ती शेवटची कसोटी. पण मुंबईकरांच्या लक्षात राहिलं ते एकनाथ सोलकरचं शतक. एकनाथचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे आणि तो तिथल्याच खोलीत लहानाचा मोठा झाला. मैदान राखणाऱ्याच्या मुलानं मुंबईच्या स्वतःच्या नव्या मैदानावर पहिल्याच कसोटीत 102 धावा काढल्या, याहून चांगली सलामी वानखेडेला दुसरी कुठली मिळाली असती?

पुढची 30-35 वर्षं या मैदानानं काय काय पाहिलं, त्याची यादी फार लांबेल. सुनील गावसकरांच्या 1978 मधल्या 205 धावा झाल्या. फेब्रुवारी 1980 मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इयान बोथमनं शतक आणि 13 बळी असा एकट्यानं सामना खाऊन टाकला. त्या सामन्यात 16 फेब्रुवारीला सूर्यग्रहण होतं आणि विश्रांतीचा दिवस मुद्दाम त्या दिवशी ठेवला होता. 10 जानेवारी 1985 ला रवी शास्त्रीनं बडोद्याच्या तिलक राजच्या एका षटकात सहा षटकार मारले आणि 113 मिनिटांत द्विशतक पूर्ण केलं. 5 नोव्हेंबर 1987 ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ग्रॅहॅम गूचनं स्वीपवर स्वीप मारत 115 धावा काढल्या. गावसकर आपल्या शेवटच्या एकदिवसीय सामन्यात, घरच्याच मैदानावर, चार धावांवर त्रिफळाचीत झाले. ऑक्टोबर 1991 मध्ये पाकिस्तानच्या दौऱ्याला विरोध म्हणून शिवसैनिकांनी इथली खेळपट्टी खणली. 27 फेब्रुवारी 1996 ला इथं पहिल्यांदा प्रकाशझोतात आंतरराष्ट्रीय सामना झाला.

मात्र एका सामन्यापाशी थांबायलाच हवं, आणि तो आंतरराष्ट्रीय नाही. मे 1991, रणजी करंडकाचा अंतिम सामना, समोर कपिल देवचा हरियाणा. शेवटच्या दिवशी मुंबईला 355 धावा हव्या होत्या. सुरुवातीचे गडी झटपट गेले. मग नुकताच 18 वर्षांचा झालेला सचिन तेंडुलकर आला आणि त्यानं 96 धावांचा असा काही सपाटा लावला की अशक्य वाटणारं लक्ष्य आवाक्यात आलं. तो गेल्यावर एका टोकाला दिलीप वेंगसरकर उरले. राजापूरला जन्मलेला, मुंबईत वाढलेला हा उंचापुरा फलंदाज तेव्हा कारकिर्दीच्या उतारावर होता. पायांत गोळे आल्यानं त्यांच्यासाठी लालचंद राजपूत धावायला आले. शेवटचा गडी अॅबी कुरुविला आला तेव्हाही बरंच अंतर बाकी होतं. एकेक धाव गोळा करत ते दोघं लक्ष्याच्या अगदी तोंडाशी आले. तीन धावा हव्या असताना कुरुविला धावबाद झाला. मुंबई 352 वर सर्वबाद, हरियाणा दोन धावांनी विजयी. वेंगसरकर 139 वर नाबाद राहिले आणि मैदानातच रडले. शंभराहून अधिक कसोटी खेळलेला, लॉर्ड्सवर तीन शतकं ठोकलेला माणूस एका स्थानिक सामन्यासाठी रडतो, यातून मुंबईची टोपी त्या पिढीला काय वाटायची ते कळतं. जुन्या वानखेडेच्या पायऱ्यांवर त्या दिवशी बसलेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांना 2011 विचारा, ती 1991 सांगतात.

त्या पायऱ्या म्हणजे खरोखरच सिमेंटच्या पायऱ्या होत्या. स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकाला खुर्ची नव्हती आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. दुपारी सिमेंट तापायचं, मग अंगाखाली वर्तमानपत्र नाहीतर रुमाल. समोर लोखंडी जाळी, आणि तिच्या चौकोनांतून सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक. प्रसाधनगृहांची अवस्था बोलण्यासारखी नव्हती आणि बाहेर पडण्याचे मार्ग इतके अरुंद की सामना संपल्यावर गर्दीच माणसाला पुढे ढकलत न्यायची. हे सगळं खरं आहे आणि त्यात गोडवा शोधण्याचं कारण नाही. प्रेक्षकाला माणसासारखं बसवायचं तर ते स्टँड पाडायलाच हवे होते.

तरीही त्या तापलेल्या पायऱ्यांवर एक गोष्ट होती: जागा, आणि ती दुरून येणाऱ्यालाही मिळे. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या कुंभिवलीसारख्या गावांना वानखेडे तसं लांबच. खोपोलीहून गाडी धरायची. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी करत कर्जत, आणि तिथून पुढे थेट व्हीटी, एकूण शंभर किलोमीटरच्या वर. व्हीटीला उतरून चालत निघालं की वाटेत आझाद मैदान लागतं, जिथं फेब्रुवारी 1988 मध्ये तेंडुलकर आणि कांबळी या दोन शाळकरी पोरांनी 664 धावांची भागीदारी केली. पुढे फॅशन स्ट्रीट ओलांडून क्रॉस मैदान. एकाच वेळी डझनभर सामने, एका सामन्याचा मिडऑन दुसऱ्याच्या स्लिपच्या पाठीला पाठ लावून उभा. मुंबईचं क्रिकेट कसं घडतं हे वानखेडेच्या दारात पोचायच्या आधीच दिसून जायचं. कसोटीच्या दिवशी पहाटे गाव सोडलं तर खेळ सुरू होईपर्यंत आत जाता येत असे. दिवस-रात्र सामने आले तेव्हा मात्र परतीच्या शेवटच्या गाडीचं गणित डोक्यात ठेवूनच बसावं लागे.

या पट्ट्याचं क्रिकेट वेगळं आहे. भाताची कापणी-झोडणी उरकली की रिकाम्या शेतात खेळपट्टी चोपायची, टेनिस चेंडू, गावागावांच्या स्पर्धा, ट्रॉफीला बोकड नाहीतर रोख बक्षीस, आणि लाऊडस्पीकरवर रंगलेलं समालोचन. शिवाय एक अडचण नकाशाची. रायगड जिल्ह्याचं क्रिकेट पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे येतं, मुंबईकडे नाही. पालघरचा शार्दूल ठाकूर किट घेऊन लोकलनं मुंबईत येऊ शकला, मुंबईकडून खेळला आणि भारतापर्यंत पोचला. खालापूरच्या पोराला मात्र मन मुंबईत आणि निवड चाचणी घाटापलीकडे, अशी कसरत. म्हणून इथल्या माणसाचं वानखेडेशी नातं खेळाडूचं कमी आणि प्रेक्षकाचं जास्त. आणि प्रेक्षकाच्या बाजूनं पाहिलं की या स्टेडियमचा इतिहास वेगळाच दिसतो.

नव्या बांधकामात वास्तुविशारद शशी प्रभूंबरोबर पी. के. दास यांचाही हात होता. टेफ्लॉनचं पांढरं छप्पर आलं. खांबांनी नजर अडू नये म्हणून ते वरच्या वर तोललेलं. प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची आली, वाटा रुंद झाल्या, पाहुण्यांच्या कक्षांची सोय झाली. काम चालू असताना मुंबईला कसोटी मिळाली तेव्हा ती भरवायला ब्रेबर्नच उपयोगी पडलं. डिसेंबर 2009 मध्ये, 36 वर्षांच्या खंडानंतर तिथं कसोटी झाली. वीरेंद्र सेहवागनं 254 चेंडूंत 293 धावा कुटल्या, श्रीलंका डावानं हरली आणि भारत कसोटी क्रमवारीत पहिल्यांदा अव्वल ठरला. ज्या मैदानाशी भांडून वानखेडे उभं राहिलं, त्याच मैदानानं वानखेडेच्या अडचणीत मुंबईची कसोटी सांभाळली. आणि ज्या विजय मर्चंटांशी वाद झाला, त्यांचं नाव वानखेडेवरच्या एका स्टँडला आहे. भांडणाचा शेवट असा व्हावा, हे दोन्ही संस्थांना शोभून दिसतं.

13 मार्च 2011 ला न्यूझीलंड आणि कॅनडा यांच्या सामन्यानं नव्या वानखेडेवर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परतलं. मग 2 एप्रिल. श्रीलंकेच्या 6 बाद 274, जयवर्धनेचं नाबाद शतक, सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर परत, सचिन 18 वर बाद आणि स्टेडियम चिडीचूप. तिथून गंभीरच्या 97 आणि धोनीच्या नाबाद 91 धावांनी सामना फिरवला. कुलसेकराला मारलेला तो षटकार प्रेक्षकांत जिथं पडला, तिथल्या खुर्च्या असोसिएशननं पुढे आठवण म्हणून राखायचं ठरवलं. विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याच देशात जिंकणारा भारत हा पहिला संघ.

पण त्या रात्री स्टेडियमची क्षमता होती सुमारे 33 हजार. पाडण्याआधी ती 45 हजारांच्या घरात होती. 33 हजारांतली खुल्या विक्रीसाठी निघालेली तिकिटं साधारण 4 हजार. बाकीची आयसीसी, प्रायोजक, संलग्न क्लब आणि सभासद यांच्या वाट्याची. तापल्या सिमेंटच्या जागी खुर्ची आली, पण त्या खुर्चीत बसायला रांगेतल्या माणसाचं नशीब फार थोर असावं लागलं. असोसिएशनवर सगळा दोष टाकणं अन्यायाचं होईल. आयसीसीचा कोटा करारात बांधलेला होता आणि क्लबांना तिकिटं मिळावीत म्हणूनच तर हे स्टेडियम जन्माला आलं होतं. मात्र सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वानखेड्यांनी जो प्रश्न सीसीआयला विचारला, की क्रिकेट जगवणाऱ्या माणसाला जागा का नाही, तोच प्रश्न 2011 मध्ये त्यांच्या नावाच्या स्टेडियमच्या फाटकाबाहेर उभा होता. विचारणारे बदलले होते. आता ते डोंबिवलीचे, विरारचे, कर्जतचे होते.

पुण्यातही थोडंफार असंच घडलं. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर 29 फेब्रुवारी 1996 ला नवख्या केनियानं वेस्ट इंडिजला 93 धावांत गुंडाळलं, हा विश्वचषकातला एक मोठा धक्का. ते मैदान महापालिकेचं. तिकिटांच्या वाटपावरून महापालिका आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन यांचं बिनसलं आणि असोसिएशननं द्रुतगती मार्गालगत गहुंजे इथं स्वतःचं स्टेडियम बांधलं. ते 2012 मध्ये सुरू झालं. खालापूर तालुक्यातून पाहिलं तर हे मैदान घाट चढून गेलं की आलंच. वानखेडे आणि गहुंजे या दोन्ही मैदानांच्या मधल्या वाटेवर हा तालुका वसलाय, आणि दोन्हींचा जन्म तिकिटांच्या वादातला.

नव्या वानखेडेनं पुढची वर्षंही रिकामी घालवली नाहीत. नोव्हेंबर 2013 मध्ये सचिन इथं 74 धावा करून आपली 200 वी आणि शेवटची कसोटी संपवून खेळपट्टीला नमस्कार करून गेला. डिसेंबर 2021 मध्ये मुंबईतच जन्मलेल्या एजाझ पटेलनं न्यूझीलंडकडून भारताचे एका डावातले दहाच्या दहा गडी बाद केले. नोव्हेंबर 2023 मध्ये आठवडाभराच्या अंतरानं मॅक्सवेलचं पाय ओढत केलेलं द्विशतक आणि कोहलीचं 50 वं एकदिवसीय शतक याच मैदानानं पाहिलं. जानेवारी 2025 मध्ये स्टेडियमनं पन्नाशी साजरी केली. मे महिन्यात शरद पवार, अजित वाडेकर आणि रोहित शर्मा यांची नावं स्टँडना दिली गेली.

त्याच मे महिन्यातल्या समारंभात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एक लाख क्षमतेच्या नव्या स्टेडियमसाठी असोसिएशनला जागा द्यायची तयारी जाहीर केली. असोसिएशनची शताब्दी 2030 मध्ये आहे, त्या सुमारास ते उभं राहावं अशी कल्पना. ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीजवळच्या आमणे परिसराचं नाव या संदर्भात पुढे आलेलं आहे. कर्जतकडून येणाऱ्याला कल्याणला उतरून तिथं जाणं चर्चगेटपेक्षा सोपं पडेल. लाखभर खुर्च्यांमध्ये संलग्न क्लबांना, सभासदांना आणि प्रायोजकांना त्यांचा वाटा जरूर मिळो. पण आराखडा कागदावर असतानाच, पाया खणायच्या आधी, खुल्या विक्रीचा किमान हिस्सा किती ते असोसिएशननं ठरवून जाहीर करावं आणि तो नियमावलीत लिहून ठेवावा. अंतिम सामना असला तरी त्या हिश्शाला हात लागता कामा नये.